पाळावा प्रार्थना कीटक, पाहावा विंचू

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यांत विंचू कुणी पाळत नसे, तो असायचाच. दगडी जोते, त्यावर विटामातीच्या भिंती, सागवानी तुळया, वर कौले, मागच्या अंगाला न्हाणीघर आणि जळणाची खोली. भेगा भरपूर, काळोख भरपूर आणि झुरळांना तोटा नाही. विंचवाला याहून वेगळे काय हवे? चपला झटकून पायात घालायच्या, लाकडांच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने ढोसायचे, तान्ह्या बाळाचे अंथरूण उलटून पाहायचे, हे शहाणपण घराघरांत होते. मग वाडे पडले, स्लॅबच्या इमारती आल्या, फरश्यांच्या फटी सिमेंटने बुजल्या आणि विंचू गेला. आता नागनाथ पारापासून भिकारदास मारुतीपर्यंत त्याच जागांवर उभ्या असलेल्या इमारतींतली मुले विचारतात, "काका, घरात विंचू पाळता येतो का हो?"

हा प्रश्न मला मनापासून आवडतो. ज्या प्राण्याला पाहताच मोठी माणसे चप्पल शोधतात, त्याला जवळून पाहावेसे वाटणे ही चांगली खूण आहे. अशा मुलाला उडवून लावू नये. माझे उत्तर ठरलेले आहे: प्रार्थना कीटक पाळ, या हंगामातच सुरुवात कर. विंचू पाळू नकोस, पण त्याला पाहायला शीक. दोघेही शिकारी, दोघेही जिवंत भक्ष्यावर जगणारे, दोघांकडेही पुढे पकडीची हत्यारे. मग एकाला होकार आणि दुसऱ्याला नकार कशासाठी, ते सांगायला हे प्रकरण.

प्रार्थना कीटकाची सुरुवात दुकानातून करू नये. तो आपल्याच गॅलरीत असण्याचा संभव फार. पावसाळा सरला की कढीपत्ता, जास्वंद, पारिजातक अशा झाडांच्या काटकुळ्या फांद्यांवर बोराएवढा, भुरकट, टणक गोळा चिकटलेला दिसतो. तो अंड्यांचा कोश. मादी पोटाच्या टोकातून फेस काढते, त्यात ओळीने अंडी मांडते आणि फेस वाळून खडखडीत होतो. आत हवेचे पोकळ कप्पे राहतात, त्यामुळे ऊन, थंडी आणि पावसाची झड यांपासून अंडी सुरक्षित राहतात. हिरोड्यूला नावाचा मोठा हिरवा प्रार्थना कीटक आपल्याकडे सर्रास आढळतो. त्याच्या एका कोशातून शंभराहून जास्त पिल्ले निघू शकतात. फांदी कोशासकट कापून एका उंच बरणीत उभी ठेवायची, तोंडाला मलमलीचा तुकडा बांधायचा आणि दर दोन-तीन दिवसांनी पाण्याचा हलका फवारा मारायचा. बस, एवढेच.

कधी कधी मात्र कोशातून भलतेच बाहेर पडते. पोडॅग्रिऑन नावाच्या इवल्या गांधीलमाश्या कोशाच्या भिंतीत आपली लांब अंडनलिका खुपसून आत अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या प्रार्थना कीटकाची अंडी फस्त करतात. बरणीत पिल्लांऐवजी हिरव्या-निळ्या झाकेच्या माश्या उडताना दिसल्या तर मूल हिरमुसते. त्याला त्या माश्याच भिंगाखाली दाखवाव्यात. शिकाऱ्याचीही शिकार होते, हे त्याला बरणीतच बघायला मिळते.

सगळे नीट झाले तर ऊबदार दिवसांत महिना-दीड महिन्यात एका सकाळी कोश फुटतो. फुटतो म्हणजे त्याच्या मधल्या पट्टीतून पिवळसर, डोळे तेवढे काळे, पाय अंगाशी घट्ट मिटलेले असे जीव खाली घसरू लागतात. प्रत्येक जण एका बारीक धाग्याला लोंबकळतो, तिथेच पहिली कात टाकतो आणि मग पाय मोकळे होतात. पाहता पाहता कोशाखाली पिल्लांचा झुबका लटकतो. तासाभरात ती पांगतात. मुंगीएवढा हा प्राणी, पण बोट पुढे केले की मान वळवून तुमच्याकडे पाहतो. कीटकांमध्ये इतकी मोकळी फिरणारी मान फार थोड्यांना असते, आणि तो आपल्याकडे बघतोय असे वाटते ते याच मानेमुळे. डोळ्यांत काळा ठिपका दिसतो, तोही आपल्यामागे फिरतो. ती खरी बाहुली नव्हे. संयुक्त डोळ्यातल्या ज्या नळ्या नेमक्या आपल्या दिशेने रोखलेल्या असतात, त्या आपल्याकडचा प्रकाश गिळतात आणि काळ्या दिसतात. आपण हललो की दुसऱ्या नळ्या आपल्या समोर येतात, म्हणून ठिपका सरकतो. रात्री हेच डोळे गडद चॉकलेटी होतात, कारण कमी उजेडात जास्त प्रकाश टिपता यावा म्हणून डोळ्यांतले रंगद्रव्य जागा बदलते. दिव्याखाली नि अंधारात आळीपाळीने पाहिले तर हा बदल कुणालाही दिसेल.

पिल्ले एकत्र ठेवली तर ती एकमेकांना खातात. म्हणून पाच-सहा ठेवायची आणि बाकीची त्याच झाडावर सोडायची. प्रत्येकाला वेगळी बरणी. खायला फळमाश्या, आणि त्या पैदा करणे अगदी सोपे: मंडईतून आणलेले जास्त पिकलेले केळे एका बाटलीत ठेवून तोंड उघडे टाकले की दोन दिवसांत माश्या जमतात, आठवड्या-दोन आठवड्यांत त्यांची पुढची पिढी तयार होते. पिल्लू वाढेल तसे भक्ष्य वाढवायचे: आधी फळमाशी, मग घरमाशी, मग पतंग आणि छोटी झुरळे. पण ज्या घरात पेस्ट कंट्रोल केले आहे तिथली झुरळे कधीही घालू नयेत. विष त्यांच्यामार्फत थेट आपल्या पाहुण्याच्या पोटात जाते.

आता त्या जागेविषयी, जिथे बहुतेकांचे चुकते. लोक सुंदर, बसकी काचपेटी आणतात. प्रार्थना कीटकाला रुंदी नको, उंची हवी. तो वाढताना सहा ते नऊ वेळा कात टाकतो आणि दर वेळी त्याला उलटे लटकून स्वतःच्या जुन्या कातडीतून खाली घसरावे लागते. त्याच्या लांबीच्या निदान तिप्पट उंचीची मोकळी जागा खाली नसेल, किंवा वर पकडायला जाळी अथवा काटकी नसेल, तर तो अर्ध्यात अडकतो, पाय वाकडे होतात आणि बहुधा मरतो. गुळगुळीत काच त्याला वैरीण. कापडी जाळीचा उभा पिंजरा सगळ्यांत उत्तम.

कात टाकणे एकदा तरी पूर्ण पाहावे. आदल्या दिवसापासून तो खात नाही. समोर माशी आली तरी मागे सरतो. अशा वेळी पिंजऱ्यात भक्ष्य ठेवू नये, कारण मऊ झालेल्या प्रार्थना कीटकाला झुरळही कुरतडू शकते. तो छताला मागचे चार पाय रोवून उलटा लटकतो. मग मानेमागे पाठीवर चीर पडते. आधी छाती कमानीसारखी बाहेर येते, नंतर डोके, मग ते काटेरी पुढचे पाय एकेक काटा सोडवत निघतात. मागचे लांबसडक पाय सर्वांत शेवटी. क्षणभर तो पोटाच्या टोकाने जुन्या कातीला धरून लोंबकळत राहतो, आणि मग एकदम वर वळून स्वतःच टाकलेल्या कातीवर चढतो. शेवटच्या कातीनंतर पाठीवर चुरगळलेले इवले पंख दिसतात. त्यांच्या शिरांत रक्तरस भरत जातो आणि पाऊण-एक तासात ते उलगडून पोटाच्या टोकापर्यंत पोहोचतात. त्या वेळी पिंजऱ्याला धक्का लागला, तो खाली पडला, तर पंख जन्मभर चुरगळलेलेच राहतात. घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवावे.

या एका कीटकावर शास्त्रज्ञांनी किती बारीक काम केले आहे! त्याला ऐकू येते हे बराच काळ कुणाला ठाऊक नव्हते. 1986 साली अमेरिकेत डेव्हिड येगर आणि रोनाल्ड हॉय यांनी दाखवले की त्याला कान आहे, एकच आहे, आणि तो छातीखाली मागच्या पायांच्या मधल्या खाचेत आहे. एकाच कानाने आवाज कुठून आला ते कळत नाही, पण त्याला ते कळून घ्यायचेही नसते. तो कान वटवाघळाच्या अतिउच्च आवाजासाठी आहे. रात्री उडणाऱ्या प्रार्थना कीटकाच्या कानावर तो आवाज पडला की तो हवेतच गिरकी घेऊन खाली सूर मारतो. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात जेनी रीड यांच्या गटाने 2016 मध्ये याच कीटकाच्या डोळ्यांवर मधमाशीच्या मेणाने निळ्या-हिरव्या काचा चिकटवून त्याला चक्क थ्री-डी चित्रपट दाखवला. पडद्यावरचा ठिपका जवळ आल्याचा भास झाला की तो झडप घालायचा. म्हणजे दोन डोळ्यांच्या चित्रांतला फरक मोजून अंतर जोखणारा हा कीटक आहे. गॅलरीत बसून तो माशीकडे टक लावतो तेव्हा तो हेच मोजमाप करत असतो.

मादी नराला खाते का, हा प्रश्न शंभर टक्के येतो. खाते, पण नेहमी नाही. भुकेल्या, कोंडलेल्या माद्या जास्त खातात. 1987 साली चिनी प्रार्थना कीटकांच्या जोड्या पोटभर खायला घालून, माणसाची वर्दळ दूर ठेवून चित्रित केल्या, तेव्हा नर खाल्ला गेला नाही; उलट नर-मादी दोघेही मीलनाआधी ठरावीक हालचाली करताना दिसले. मात्र जिथे मादीने नराला खाल्ले, तिथे त्याच्या देहातले पोषण अंड्यांपर्यंत पोहोचते, हेही 2016 मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. घरी जोडी लावायची असेल तर मादीला आधी दोन दिवस भरपेट खायला द्यावे आणि पिंजरा मोठा घ्यावा.

पंख फुटल्यावर मोठा प्रार्थना कीटक काही महिने जगतो. म्हणजे एक पावसाळा, एक हिवाळा, आणि संपले. मूल त्याचा जन्म, वाढ, शिकार, म्हातारपण सगळे एका शालेय वर्षात पाहते. ज्या झाडावरून कोश आणला तिथेच नंतर मादी सोडता येते. जंगलाचे देणे लागत नाही, शेजारच्यांना धोका नाही, चावला तरी हातावर ओरखडा. घरात ठेवण्याजोगा शिकारी असा असावा.

या दोन्ही प्राण्यांना घरी आणून त्यांच्यावर आयुष्य घालवलेला माणूस फ्रान्समध्ये होऊन गेला: ज्याँ-हेन्री फाब्र, 1823 ते 1915. गरीब शाळामास्तर. 1879 मध्ये सेरिन्याँ गावात त्याने दगडगोट्यांनी भरलेली एक पडीक जमीन घेतली आणि तिचीच प्रयोगशाळा केली. प्रार्थना कीटक तारेच्या जाळीखाली, विंचू बागेतल्या दगडांखाली आणि काचेच्या पेटीत. संध्याकाळी कंदील लावून तो पेटीसमोर बसायचा. विंचवांचे प्रणयनृत्य त्याने असेच पाहिले: नर मादीचे चिमटे आपल्या चिमट्यांत धरतो, शेपट्या उंचावतात आणि दोघे कधी पुढे, कधी मागे फिरत राहतात. विंचू खाण्याविना कित्येक महिने काढू शकतो हेही त्याने पडताळून पाहिले. विंचवाच्या दंशाने कोणता कीटक किती लवकर मरतो हे पाहण्यासाठी त्याने विंचवासमोर प्रार्थना कीटक सोडला, आणि प्रार्थना कीटक हरला. त्याची दहा खंडांतली कीटकगाथा मी आदराने वाचतो. पण फाब्र करत होता म्हणून आपणही विंचू पेटीत ठेवावा, असे म्हणणाऱ्याला एकच सांगावे लागते: पेटी तीच असेल, विंचू वेगळा आहे.

महाराष्ट्रात विंचवांच्या दोन तऱ्हा माणसाने ओळखायलाच हव्यात. एक इंगळी: मोठी, काळीकुळकुळीत, कधी हिरवट झाक, चिमटे खेकड्याचे असावेत तसे जाडजूड आणि शेपटी त्या मानाने सडपातळ. भय वाटावे असे रूप, पण तिचा दंश बहुधा दुखण्यापुरताच. दुसरा तांबडा विंचू, शास्त्रीय नाव हॉटेन्टोटा टॅम्युलस: आकाराने लहान, रंग तांबूस ते मातकट, पाय फिकट पिवळे, चिमटे अगदी बारीक आणि शेपटी जाड. ज्याचे चिमटे बारीक आणि शेपटी जाड त्याला जास्त भ्यावे, ही ढोबळ खूण बऱ्याच ठिकाणी लागू पडते. भक्ष्य चिमट्यांनी चिरडता येत नाही म्हणून तो विषावर भिस्त ठेवतो. तांबडा विंचू जगातल्या सर्वांत घातक विंचवांत गणला जातो आणि तो कोकणात, देशावर, शेताच्या बांधावर, घराच्या पायाशी, म्हणजे माणसांच्या अगदी सोबतीला राहतो. लहान वयाचा, फिकट रंगाचा, धुळीने माखलेला विंचू कोणत्या जातीचा हे नवख्याला सांगता येत नाही. पेटीत आपण काय आणले हेच माहीत नसताना पाळणे कसले?

हे विष काय करते ते डॉ. हिंमतराव बावसकर यांच्यामुळे आपल्याला कळले. 1976 मध्ये ते रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली धडधाकट माणसे, विशेषतः मुले, काही तासांत दगावताना ते पाहत होते. घामाने अंथरूण भिजते, उलट्या होतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात, नाडी सैरभैर होते, शेवटी फुप्फुसांत पाणी भरते आणि तोंडाला गुलाबी फेस येतो. उपचार म्हणून गावात आघाड्याचे मूळ, मंत्र आणि उतारे. दवाखान्यातही हाती फारसे काही नव्हते. बावसकरांनी रुग्णाच्या खाटेशी बसून, तासातासाला रक्तदाब आणि नाडी टिपून, या मरणाचा क्रम लिहून काढला. 1982 मध्ये त्यांची निरीक्षणे 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. विंचवाचे विष चेतातंतूंमधली सोडियमची दारे उघडी ठेवते, अंगात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि त्यांच्या विरोधात रक्त ढकलता ढकलता हृदय थकते.

मग उपाय सापडला तो एका साध्या, स्वस्त, तोंडाने घ्यायच्या गोळीत. रक्तदाबावर वापरले जाणारे प्रॅझोसिन आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. 1986 मध्ये बावसकरांनी त्याचे अनुभव 'लॅन्सेट'मध्येच मांडले. जिथे गंभीर रुग्णांतले शंभरात तीस ते चाळीस जात, तिथे हे प्रमाण एकाच्या आसपास आले. पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेत तांबड्या विंचवाच्या विषावर घोड्यांच्या रक्तरसापासून प्रतिविष बनू लागले. प्रॅझोसिनच्या जोडीला ते दिले तर रुग्ण लवकर सावरतो, हे डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावसकर या दांपत्याने 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधल्या चाचणीने दाखवले. 2022 मध्ये हिंमतरावांना पद्मश्री मिळाली. गावातल्या आरोग्य केंद्रात, मोठ्या यंत्रांशिवाय, केवळ रुग्णाजवळ बसून केलेले हे संशोधन आहे, आणि महाराष्ट्रात विंचवाविषयी बोलताना ते पहिल्यांदा आठवावे असे मला वाटते. ज्या विषाने कोकणातली एवढी घरे उजाड केली, त्याचा धारक हौस म्हणून झोपायच्या खोलीत ठेवणे मला पटत नाही.

याच विषाची दुसरी बाजूही आहे. 1990 मध्ये याच जातीच्या विषातून इबेरिओटॉक्सिन नावाचे प्रथिन वेगळे काढले गेले. पेशीच्या पडद्यावरचा पोटॅशियमचा एक विशिष्ट मार्ग ते नेमका बंद करते, दुसऱ्या कशाला सहसा हात लावत नाही. त्यामुळे स्नायू आणि चेतापेशी कशा चालतात ते शोधणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत ते वापरले जाते. बांधावरच्या दगडाखालचा आपला विंचू असा परदेशांतल्या शोधनिबंधांत पोहोचला आहे.

पाळण्याच्या दृष्टीने पाहिले तरी विंचू हा निराश करणारा सोबती आहे, आणि हे मी त्याच्यावरच्या प्रेमापोटी म्हणतो. इंगळी पाळणारे सांगतात ती रीत अशी: पेटीत चार बोटे ओलसर कोकोपीट, लपायला खापराचा तुकडा, पाण्याची उथळ वाटी, आठ-दहा दिवसांनी एखादे झुरळ. मग ती खापराखाली जाऊन बसते. दिवसेंदिवस. तिचे चलनवलन इतके मंद आहे की एका भक्ष्यावर ती आठवडे काढते. हातात घेतलेले तिला कळते ते फक्त धोका म्हणून. मूल पंधरा दिवसांत कंटाळते आणि इंगळी तर पुढे कित्येक वर्षे जगायची असते. मग ती रस्त्याकडेला किंवा टेकडीवर कुठेतरी सोडली जाते, बहुधा तिच्या नसलेल्या जागी.

आणि तिला आणण्यात नुकसान किती! विंचू अंडी घालत नाही. पिल्ले मादीच्या पोटात वाढतात, इंगळीच्या जातींत जवळपास वर्षभर. पांढरीफेक, मऊ पिल्ले जन्मतात ती आईच्या पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकेपर्यंत तिथेच दाटीवाटीने बसून राहतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते अगदी डोळ्यांनी पाहून म्हटलेले आहे. खाली पडलेले पिल्लू आई पाय खाली टेकवून वर घेते. अशा वेळी दगड उलटवून मादी उचलली तर पिल्ले गळून पडतात, आणि पाठीवरून उतरलेले कोवळे पिल्लू फार काळ टिकत नाही. वर्षाला एक वीण, वयात यायला वर्षे. अशा प्राण्याच्या पाच-दहा माद्या एका टेकडीवरून गेल्या तर ती जागा भरून यायला किती काळ लागेल?

शिवाय आपले विंचू अजून पुरते ओळखलेलेही नाहीत. 1900 साली प्राणिशास्त्रज्ञ पोकॉकने ब्रिटिश भारताच्या अष्टपादांवरचा ग्रंथ लिहिला. त्यानंतरचा मोठा टप्पा 1983 चा: बी. के. टिकादर आणि डी. बी. बस्तवडे यांनी भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेसाठी भारतातल्या विंचवांचा खंड तयार केला. या संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आपल्याच पुण्यात, आकुर्डीला आहे. 2020 मध्ये न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातल्या लोरेन्झो प्रेंडिनी आणि स्टेफनी लोरिया यांनी इंगळीच्या जुन्या मोठ्या कुळाची फेरमांडणी केली आणि नव्या प्रजातिगटांना नावे दिली सह्याद्रीमेट्रस आणि डेक्कनोमेट्रस. ज्या डोंगरांवर आपण रविवारी भटकतो, त्यांचे नाव आता विंचवांच्या शास्त्रीय नावात आहे. घाटावरच्या एकेका पठारापुरत्याच राहणाऱ्या जाती अजूनही नव्याने नोंदवल्या जात आहेत. नाव मिळण्याआधीच एखादी जात पेटीत जाऊन संपावी, याहून मोठे दुर्दैव नाही.

हौसेने काय होते, ते परक्या उदाहरणांवरून दिसते. पश्चिम आफ्रिकेतला भला थोरला, शांत स्वभावाचा सम्राट विंचू पाळीव प्राण्यांच्या बाजारासाठी इतका ओरबाडला गेला की 1995 पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित करावा लागला. आपल्या आंध्रातल्या गुत्ती गावाच्या नावाने ओळखला जाणारा निळाशार कोळी तर आणखी बोलका. पोकॉकने 1899 मध्ये त्याचे वर्णन केले, पुढे शंभर वर्षे तो कुणाला दिसला नव्हता, आणि पुन्हा सापडला तसा युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या पेट्यांत पोहोचला. आज मूळ जंगलात तो अतिसंकटग्रस्त आहे. भारतात 2022 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली, 1 एप्रिल 2023 पासून ती लागू आहे, आणि साइट्सच्या परिशिष्टांतले जिवंत परदेशी प्राणी बाळगणाऱ्याला परिवेश संकेतस्थळावर नोंद करावी लागते. दुकानदार 'कागद लागत नाहीत' म्हणाला तर तिथून उठावे. आणि अभयारण्यातून काहीही उचलून आणणे हा गुन्हा आहे, मग तो विंचू असो की कोश.

मग विंचू पाहायचा कसा? रात्री, अतिनील प्रकाशाच्या विजेरीने. विंचवाच्या कवचाच्या वरच्या थरातली काही द्रव्ये अतिनील प्रकाश शोषून निळसर हिरवा उजेड परत टाकतात. बीटा-कार्बोलीन हे त्यांपैकी एक, 1999 मध्ये ओळखलेले. दिवसा शेजारून गेलो तरी न दिसणारा प्राणी रात्री दहा पावलांवरून लख्ख दिसतो. नुकतीच कात टाकलेला विंचू मात्र चमकत नाही. कवच घट्ट होत जाते तशी चमक येते. हे कवच जुन्या नमुन्यांतही चमकत राहते. या चमकण्याचा विंचवाला स्वतःला काय उपयोग, यावर अजून वाद आहेत, आणि मला स्वतःला ती गोष्ट फार मोहवते.

पेठेतून निघाले तर तळजाई किंवा वेताळ टेकडी दूर नाही. पावसाच्या पहिल्या सरींनंतरच्या उकाड्यात, अमावास्येच्या आसपास, जाणत्या माणसासोबत आणि वनखात्याच्या वेळा पाळून जावे. घोट्यावर येणारे बूट, जाड मोजे, लांब पँट. दगडावर बसायचे नाही, गवतात हात घालायचा नाही, दगड उलटायचा तर काठीने, आणि पाहून झाल्यावर जसा होता तसा हलकेच परत ठेवायचा, कारण त्याच्या खालचा ओलावा हेच विंचवाचे घर. अतिनील प्रकाश त्याच्यावर फार वेळ रोखू नये. तो अस्वस्थ होऊन आडोसा शोधू लागतो. फोटो काढा, ठिकाण आणि तारीख लिहून ठेवा. अशा नोंदी साठत गेल्या की अभ्यासकांना त्या उपयोगी पडतात. आणि कुणाला चावलाच तर बांधणे, चिरणे, चोखणे यातले काहीही न करता, दुखणे कितीही कमी वाटले तरी, तडक रुग्णालय गाठावे. मुलांच्या बाबतीत तर एक तासही थांबू नये.

तोवर घरचा पाहुणा सांभाळा. दिवाळीनंतर कुंड्यांतल्या कढीपत्त्याची छाटणी होते, तेव्हा कापलेल्या फांद्या कचऱ्याच्या टोपलीत टाकण्याआधी एकेक हातात घेऊन खालच्या अंगाला पाहा. भुरकट गोळा दिसला तर ती काटकी तेवढी वेगळी काढा आणि दोऱ्याने झाडालाच पुन्हा बांधा, किंवा मलमल बांधलेल्या बरणीत उभी करा. केळे बाटलीत कधी घालायचे ते कोश फुटायच्या आठवडा-दोन आठवडे आधी ठरवावे लागते, नाहीतर पिल्ले निघतील आणि घरात एकही माशी नसेल.